शिकारीची शिकवणी

गेली एकवीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते. संधी आणि समास, प्रयोग आणि अलंकार हा माझा नित्याचा संसार. अशा बाईला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एस.टी.च्या गाडीएवढ्या एका सरड्याने लागोपाठ चार दिवस लोळवले आणि दर खेपेला मांजरांनी तिला हातगाडीवर घालून तंबूपाशी आणून ओतले, असे सांगितले तर तुम्ही म्हणाल, चकल्यांच्या तेलाचा धूर बाईंच्या डोक्यात गेलेला दिसतो! पण वाचकहो, यातले अक्षर न अक्षर खरे आहे. फक्त तो सरडा आणि ती मांजरे आमच्या टीव्हीच्या पडद्यावर होती, आणि माझ्या हातात तलवारीऐवजी बटणांनी भरलेला एक कंट्रोलर होता.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव अभियांत्रिकीला. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यात, त्याचा दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला. इतके विषय राहिले होते की वर्षच गेले. वसतिगृहातली वळकटी आवरून तो घरी आला, खोलीत गेला आणि दार लोटून घेतले. त्यानंतर आमच्या घरात बोलणे असे उरलेच नाही. यजमान तोंड उघडत ते रागे भरायला, मी उघडत असे ती समजूत घालायला, आणि तो उघडत असे ते फक्त जेवायला. खोलीतून रात्री उशिरापर्यंत डरकाळ्या ऐकू येत. “ते यंत्र उचलून माळ्यावर टाक,” असे यजमानांनी तीनदा सांगितले. दहावीच्या निकालानंतर मामाने हौसेने घेऊन दिलेले ते प्लेस्टेशन. आता घरातल्या सगळ्या दुःखाचे मूळ तेच, असे आम्ही ठरवून टाकले होते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी चकल्या करत होते. पुन्हा डरकाळी आली. सोऱ्या तसाच ठेवून मी पिठाच्या हातांनी खोलीत गेले आणि म्हणाले, “अरे, ह्याला डोकं तरी लागतं का काही?”

त्याने वर पाहिलेही नाही. कंट्रोलर माझ्यापुढे धरून म्हणाला, “तूच बघ ना खेळून.”

चार महिन्यांतले त्याचे ते सर्वांत लांब वाक्य होते. मी हात पुसले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

खेळ कसला?

खेळाचे नाव ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’. ओसाका इथल्या कॅपकॉम कंपनीचा हा खेळ २६ जानेवारी २०१८ रोजी निघाला आणि पुढे त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. मालिका मात्र जुनी. पहिला ‘मॉन्स्टर हंटर’ २००४ सालचा. आमचे चिरंजीवही त्याच साली जन्मलेले. कल्पना अगदी साधी आहे. तुम्ही शिकारी. एखाद्या अजस्र प्राण्याची मोहीम घ्यायची, रानात त्याचा माग काढायचा, त्याला गाठायचे. शस्त्रांचे चौदा प्रकार: पुरुषभर उंचीच्या तलवारीपासून भाला, हातोडा, धनुष्य, इतकेच काय, वाजवायच्या शिंगापर्यंत. वेळ बहुधा पन्नास मिनिटांचा. तुम्ही बेशुद्ध पडलात की मांजरे गाडीवरून तंबूपाशी आणून सोडतात. तिसऱ्यांदा पडलात की मोहीम रद्द.

मला आवडली ती एक गोष्ट निराळीच. प्राण्याला किती लागले आहे, हे दाखवणारी पट्टी पडद्यावर कुठेच नसते. ते त्याच्याकडे पाहून ओळखायचे. दमला की त्याच्या तोंडातून लाळ गळते. अगदी जेरीला आला की लंगडत लंगडत आपल्या गुहेकडे निघतो. मुलांच्या चेहऱ्यावरून धडा कळला की नाही हे ओळखण्यात माझा जन्म गेला, तेव्हा हे आपल्याला जमेल असे वाटले. तो भ्रम अर्ध्या मिनिटात फिटला.

दोन अंगठे आणि तीन कामे

कंट्रोलरवर दोन लहानशा काड्या असतात. त्यांना स्टिक म्हणतात. डाव्या स्टिकने शिकारी चालतो. उजवीने कॅमेरा फिरतो. कॅमेरा म्हणजे आपले डोळे. ते शिकाऱ्याच्या पाठीमागे काही पावलांवर तरंगत असतात. उजव्या अंगाला चार बटणे: त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन. वार, उसळी, औषध हे सगळे त्यांच्यावर. डावा अंगठा एकच काम करतो. उजव्याला मात्र दोन कामे: कॅमेरा फिरवायचा आणि बटणेही दाबायची. बटण दाबायला अंगठा उचलला की डोळे तिथेच खिळतात, आणि डोळे फिरवायला गेले की तलवार थांबते.

लहानपणी मी पेटी शिकले होते. डाव्या हाताने भाता, उजव्याने सूर. भाता विसरला की सूर मरतो. पण पेटीला निदान दोन हात मिळतात! इथे एकाच अंगठ्याने भाताही ओढायचा आणि सूरही धरायचा.

माझा पहिला प्रतिस्पर्धी ‘ग्रेट जॅग्रस’, हाच तो सरडा. मोहिमेतला सर्वांत सोपा, पहिलीतला धडा. तो समोरून आला. मी स्टिक जिवाच्या आकांताने मागे ओढली, आणि माझी शिकारीण धावत जाऊन थेट त्याच्या जबड्यात शिरली.

“अगं आई, मागे म्हणजे तिच्या मागे नाही. कॅमेऱ्याच्या मागे. तू कॅमेरा कुठं ठेवला होतास?”

खरोखरच, सरडा आणि कॅमेरा दोघेही तिच्या एकाच बाजूला होते. मी मागे म्हटले, तेव्हा ती कॅमेऱ्याकडे आली आणि वाटेत सरडा होता. ही गोष्ट त्याने मला तीनदा सांगितली. तीनदा मी मान डोलावली, आणि चौथ्यांदा पुन्हा जबड्यात गेले.

मग रात्री भांडी आवरताना मला एकदम उलगडा झाला. मी हातातले पातेले ठेवून त्याच्या खोलीत गेले. “अरे, हा कर्मणी प्रयोग आहे! ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने कैरी खाल्ली’. खाणारा राम, पण क्रियापद चालतं आंब्याच्या आणि कैरीच्या तालावर. तसं धावते शिकारीण, पण दिशा ठरते कॅमेऱ्यावरून. कर्त्याकडे बघायचंच नाही!”

तो माझ्याकडे बघतच राहिला आणि मग हसला. कितीतरी दिवसांनी हसला. म्हणाला, “शाळेत तू मला हे शिकवलंस तेव्हा मी रडलो होतो, आठवतं?”

मला आठवत नव्हते. त्याला आठवत होते.

वाघनखांची गोष्ट

माझी तक्रार ऐकून एके दिवशी त्याने कपाटातून मामाचा जुना पी.एस.पी. काढला. ओंजळीत मावणारे यंत्र. मालिकेचा खरा बोलबाला जपानात झाला तो या यंत्रावर; चार मित्रांनी चार यंत्रे घेऊन एकत्र बसायचे आणि एकच शिकार करायची. २०१० साली निघालेल्या ‘मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड’च्या एकट्या जपानात चाळीस लाखांहून अधिक प्रती गेल्या.

“आता यावर कॅमेरा फिरवून दाखव,” तो म्हणाला.

मी पाहिले तर यंत्राला स्टिक एकच, डावीकडे. तिच्यावर अंगठा ठेवून पळायचे. कॅमेरा फिरवायची चार दिशांची बटणे तिच्या बरोबर वर. म्हणजे तीही त्याच अंगठ्याच्या वाट्याला! धावायचे की पाहायचे, एकच काहीतरी करा.

“मग खेळत कसे होते लोक?”

त्याने यंत्र हातात घेतले. डावा अंगठा स्टिकवर ठेवला आणि तर्जनी आकड्यासारखी वाकवून वरून त्या चार बटणांवर टेकवली. हात असा दिसू लागला की अफझलखानाच्या भेटीचे चित्र आठवावे. जगभरच्या खेळाडूंनी या पकडीला ‘पंजा’ म्हटले. जपानी लोक तिला ‘मोनहान-मोची’, म्हणजे मॉन्स्टर हंटरची पकड, म्हणतात. ही पकड कुठल्या पुस्तकात शिकवलेली नव्हती. अडचण आली, बोटे वाकली, आणि वाकलेल्या बोटांची एक पद्धत झाली. ज्याला ते जमत नसे तो डाव्या खांद्यावरचे बटण दाबी. त्याने कॅमेरा झटकन शिकाऱ्याच्या पाठीशी येऊन उभा राही. वाकड्या बोटांपेक्षा ही वाट बरी, पण त्याने दिसते ते फक्त आपल्या नाकासमोरचे.

२००४ सालच्या पहिल्या खेळाची तऱ्हा तर आणखी न्यारी. प्लेस्टेशन-२ ला दोन स्टिक होत्या, पण उजवी कॅमेऱ्याची नव्हेच, ती तलवारीची. जिकडे ढकलावी तसा वार पडे. पुढे २०११ साली निन्टेन्डोच्या थ्रीडीएस यंत्रावर खेळ आला, तेव्हा त्या यंत्रालाही स्टिक एकच. म्हणून दुसरी स्टिक असलेली एक बैठक वेगळी विकायला काढली गेली आणि त्याच वेळी एका बटणासरशी कॅमेरा प्राण्याकडे वळवण्याची सोय खेळात आली. ‘वर्ल्ड’मध्ये तीच सोय सुधारून मिळते. उजवी स्टिक आत दाबून प्राणी निवडायचा, मग डाव्या खांद्यावरचे बटण दाबले की डोळे त्याच्याकडे. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘वाइल्ड्स’मध्ये तर उगारलेल्या तलवारीचा रोखही स्टिकने वळवता येतो. वीस वर्षे एका अंगठ्याची अडचण सोडवण्यात गेली म्हणा ना!

तोंडातून गेलेला शब्द

शस्त्र मी हौसेने महातलवार निवडले होते. चिरंजीवांनी ढाल-तलवार घे म्हणून सुचवले. मी ऐकले नाही. महातलवारीची रीत अशी, की त्रिकोण दाबून धरायचा, शिकारीण तलवार खांद्यामागे नेऊन दम धरते, आणि बटण सोडले की घाव पडतो. जितका दम धरावा तितका घाव मोठा. पण एकदा सुटलेला वार परत घेता येत नाही. तो पुरा होईपर्यंत तुम्ही जागच्या जागी. समोरचा प्राणी बाजूला झाला असेल तर जमिनीवर घाव घालून तुम्ही तशाच वाकून उभ्या, आणि तो तुमच्या पाठीशी.

औषधाची तर याहून फजिती. जखमी झाले की मी घाईघाईने चौकोन दाबे. पण हातात तलवार असताना चौकोनाचा अर्थ ‘तलवार म्यान कर’ असा. म्यान झाल्यावर पुन्हा दाबला तर ‘औषध घे’. एकाच बटणाचे दोन अर्थ, संदर्भाने ठरणारे. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सारा आणि ‘कर’ ही आज्ञाही, हे मी वर्गात डोळे मिटून सांगते. इथे मात्र दर वेळी तलवार म्यान करून सरड्यापुढे हात जोडल्यासारखी उभी राहत असे.

चिरंजीवांनी मग मला सरड्यापासून दूर नेले. खेळात सरावाचे एक मैदान आहे. तिथे मारायला पिंपे आणि खांब, आणि कोणते बटण कशाचे ते पडद्यावर लिहिलेले. “आज तलवार नाही काढायची,” तो म्हणाला. “फक्त पिंपाभोवती फेऱ्या घाल. पिंप कायम मधोमध दिसलं पाहिजे.” दुसऱ्या दिवशी फेऱ्या आणि उसळी. तिसऱ्या दिवशी फेऱ्या, उसळी आणि एकच वार. मला गरगरायला लागले तेव्हा त्याने कॅमेऱ्याचा वेग कमी करून दिला. त्याचा एक मंत्र होता: “मारल्यावर बघू नकोस. मारायच्या आधी बघ.” अंगठा मोकळा असतो तो वाराच्या आधी, तेवढ्यात डोळे फिरवून घ्यायचे.

पाचव्या दिवशी सरडा पडला. पोट फुगवून तो अंगावर पडायला उठला, मी आधीच बाजूला झाले होते, दम धरला होता, आणि घाव बरोबर बसला. मी केलेल्या आरोळीने यजमान पेपर टाकून धावत आले.

‘कितीदा सांगायचे?’

पण खरे सांगायचे ते वेगळेच आहे. त्या पंधरा दिवसांत मी किमान पन्नास वेळा तीच ती चूक केली. आणि माझा मुलगा, ज्याला घरात आम्ही आळशी आणि उर्मट ठरवले होते, तो एकदाही “कितीदा सांगायचं?” असे म्हणाला नाही. तो फक्त म्हणे, “परत.”

माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगा आहे. खेड्यातून आलेला, कष्टाळू. पण ऱ्हस्व-दीर्घ त्याला काही केल्या साधत नाही. सुट्टीच्या आधीच्या चाचणीत मी त्याच्या पेपरवर तांबड्या शाईने लिहिले होते, ‘कितीदा सांगायचे?’ आता ते शब्द मला सुटीभर आठवत राहिले. ‘मागे म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे’ हे मलाही माहीत होतेच की! माहीत असणे निराळे आणि सरडा अंगावर येत असताना अंगठ्याला ते आठवणे निराळे. परीक्षेच्या तीन तासांत त्या पोराच्या अंगावर काय काय येत असेल, याचा मी एकवीस वर्षांत विचार केला नव्हता.

भाऊबीजेच्या रात्री एक मोहीम फसली. गाडीवरून तिसऱ्यांदा तंबूत आले. चिरंजीव पडद्याकडे बघतच म्हणाला, “आई, मी दुसऱ्या वर्षात नाही पडलो. पहिल्या सत्रातच पडलो होतो. मेकॅनिक्सच्या तासाला सरांना एक शंका विचारली. ते म्हणाले, एवढं बारावीत झालं नाही का? सगळे हसले. मग मी पुढे काही विचारलंच नाही. कुठल्याच तासाला. त्याच्यावरचं पुढचं कळेना, मग त्याच्या पुढचं. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती.”

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते, पण त्या सरांच्या जागी मला माझाच वर्ग दिसत होता. थोड्या वेळाने म्हणाले, “पुस्तक आहे का रे तुझं ते इथं?”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“मला सरड्यातलं तरी कुठं कळत होतं?”

त्या रात्रीपासून आमचा एक करार झाला. संध्याकाळी आधी तो मला मेकॅनिक्सचे एक पान समजावून सांगणार. मला कळेपर्यंत पान उलटायचे नाही. मग एक मोहीम. एकच, पन्नास मिनिटांपलीकडे नाही. मराठीच्या बाईला बलांचे त्रिकोण समजावता समजावता कुठे आपले अडले आहे ते त्याला आपोआप दिसू लागले. मला बलांचे त्रिकोण कळले, असे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सुट्टी संपल्यावर वर्गात मी एवढेच केले, की त्या मुलाच्या पेपरवर आठवड्याला एकच नियम तपासायचा. या आठवड्यात फक्त शब्दाच्या शेवटचा इकार. बाकीच्या चुकांकडे डोळेझाक. पहिला आठवडा माझ्याच हाताला जड गेला. तांबडी शाई आपोआप धावायची.

शेवटची मोहीम

जानेवारीत ‘अंजनाथ’ नावाचा प्राणी वाट्याला आला. दोन पायांवर चालणारा, तोंडातून जाळ ओकणारा. त्याने डरकाळी फोडली की शिकारीण कान झाकून उभी राहते आणि तेवढा वेळ कुठलेच बटण चालत नाही. सात वेळा मोहीम रद्द झाली. रानातल्या अरुंद जागेत तो मला कडेला रेटी, कॅमेरा खडकात अडके, आणि पडद्यावर नुसते त्याचे केस नि पाने दिसत. “भिंतीला पाठ द्यायची नाही, आई. पाठ नेहमी मोकळ्या जागेकडे,” हे मी नंतर शिकले.

आठव्या खेपेला यजमानही खुर्ची ओढून बसले होते. ज्यांनी यंत्र माळ्यावर टाकायला सांगितले होते तेच ओरडत होते, “अगं, डावीकडे! डावीकडे बघ!” अंजनाथ लंगडायला लागला तेव्हा घरातले तिघेही उभे होते.

या जूनमध्ये चिरंजीव पुन्हा वसतिगृहावर गेला. राहिलेले विषय सुटले. एक मात्र अजून बाकी आहे. त्याबद्दल तो आता फोनवर आपणहून बोलतो, आणि यजमान पुरते ऐकून घेतात.

यंत्र त्याने घरीच ठेवले. जाताना टीव्हीशेजारी एक कागद चिकटवून गेला, माझ्यासाठी, मराठीत. ‘त्रीकोण : वार. फूलि : उसळी. चौकोण : आधी म्यान, मग औशध. सगळ्यात आधी कॅमेरा.’ चार ओळींत चार चुका. गेले तीन महिने तो कागद तिथे आहे. तांबडे पेन शेजारच्याच खणात असते. ते मी अजून काढलेले नाही.